बाळंतिणीच्या उशाशी शतावरी

मराठी घरात बाळंतीण आली की तिच्या पाठोपाठ काही वस्तू न बोलावता येतात. अळिवाचे लाडू येतात, डिंकाचे लाडू येतात, बाळंतशेपा येतात, शेकशेगडीची तयारी होते. आणि या सगळ्यांच्या पुढे धावत येतो तो शतावरी कल्पाचा डबा. एक डबा मावशी आणते, दुसरा आत्या आणते, आणि शेजारच्या काकू "आमच्या सुनेला याचाच गुण आला हो!" असे म्हणत तिसरा आणून ठेवतात. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणी यांच्या शेजारी हा डबा नसला तर बॅग भरली असे कुणी म्हणणार नाही.

अशा या घरोघरच्या डब्याबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. पण घरातली आणि नात्यातली पुष्कळ बाळंतपणे मी निभावली आहेत, आणि ज्या पांढऱ्या मुळांवर आपल्या आयाबायांनी एवढा भरवसा टाकला ती आहेत तरी काय, हे कुतूहल मला फार वर्षांपासून आहे. त्यापायी जुन्या वैद्यकग्रंथांपासून अलीकडच्या संशोधनापर्यंत जे हाती लागले ते वाचीत आले. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की झाली. शतावरीचा खरा अर्थ डब्यात मावत नाही. तो डब्याबाहेरही शोधावा लागतो. कसा, ते ओघाने येईलच.

ही शतावरी कोण?

पाऊस चांगला पडला की सह्याद्रीच्या पायथ्याच्या झाडीत, कोकणातल्या कुंपणांवर एक काटेरी वेल दुसऱ्या झुडपांचा आधार घेत चढू लागते. तिची सुईसारखी हिरवीगार पाने पाहून वाटते, किती नाजूक ही! पण गंमत अशी की, ती पाने नव्हेतच. पानांचे काम करणाऱ्या त्या बारीक फांद्या आहेत. खरी पाने झिजून त्यांचे खवले आणि काटे झाले आहेत. पुढे तिला इवलीशी, पांढरी, सुवासिक फुले येतात आणि मग वाटाण्याएवढी फळे धरतात. पिकली की ती लाल होतात. पावसाळ्यात हिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून डोंगराकडची माणसे आवडीने खातात.

शहरातल्या माणसाला शतावरी म्हटले की कुंडीतली जाळीदार, हिरवी वनस्पती आठवते. पुष्पगुच्छात गुलाबाच्या मागे खोचतात तीच. ती हिची बहीण खरी, पण औषधातली शतावरी नव्हे. मोठ्या हॉटेलात लोणी लावून जे ॲस्परॅगसचे कोंब वाढतात तेही याच गोतावळ्यातले. जात मात्र निराळी. आपल्या शतावरीला 'ॲस्परॅगस रॅसिमोसस' हे शास्त्रीय नाव विल्डेनाऊ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९९ साली दिले.

हिची खरी दौलत मातीखाली असते. वेलीच्या बुडाशी खणले की बोटाएवढ्या जाडीची, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी फिकट मुळे झुबक्याने निघतात. मोजून शंभर असतीलच असे नाही, पण पाहणाऱ्याला शंभर वाटावीत खरी! म्हणून ही शतमुळी आणि म्हणूनच शतावरी. जुन्या निघंटूंत तिला 'बहुसुता' असेही म्हटले आहे. म्हणजे पुष्कळ लेकरांची आई. हल्ली इंग्रजी पुस्तकांतून आणि परदेशी वेष्टनांवरून शतावरी म्हणजे 'शंभर नवऱ्यांची' असा अर्थ मोठ्या चवीने सांगतात. तो वाचून माझ्या बहिणीने विचारले, "एकाचेच करता करता दमायला होते, शंभर कशाला हवेत?" मला विचाराल तर बहुसुता हेच नाव तिला अधिक शोभते.

ग्रंथ काय म्हणतात?

आपली समजूत अशी की, अंगावरचे दूध वाढवायला शतावरी हे आयुर्वेदाचे पहिले आणि शेवटचे उत्तर. चरकसंहिता उघडून पाहावी तर तिथे थोडा अचंबा वाटतो. चरकांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधींचे दहा-दहाचे गट सांगितले आहेत. त्यांत 'स्तन्यजनन', म्हणजे दूध उत्पन्न करणाऱ्या औषधींचाही एक गट आहे. त्या दहांत वाळा आहे, साळी आणि साठेसाळ आहे, दर्भ आहे, कुश आहे, काश आहे; म्हणजे बहुतेक सारी गवतांची मुळे! शतावरीचे नाव तिथे नाही. तिचा 'स्तन्यकरी' असा स्पष्ट गौरव सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात सापडतो. जड, थंड, गोड-कडू चवीची, बळ देणारी, रसायन अशी तिची ओळख तिथे करून दिली आहे.

यावरून शतावरीला कमी लेखायचे नाही. मुद्दा एवढाच की, आपल्या पूर्वजांपाशी एकच डबा नव्हता. प्रकृती पाहावी, भूक पाहावी, ऋतू पाहावा आणि मग औषध ठरवावे अशी त्यांची रीत होती. फलघृतासारखी तुपे, शतावरीघृत, नारायण तेल अशा कितीतरी कल्पांत शतावरी आहे. पण कुणाला काय द्यायचे हे ठरवायला मधे वैद्य बसलेला असे. आता त्या जागी दुकानाची फळी आली.

करण्याची जुनी रीतही पाहण्यासारखी आहे. माझ्या आजोळी, कोकणात, दिवाळी झाली आणि वेल पिवळी पडू लागली की गडी शतावरीची मुळे खणून आणी. ती धुवायची, उकडायची, वरची साल सोलायची आणि मधली चिवट शीर ओढून काढायची. या शीर ओढण्याच्या कामाला आम्हा पोरांना बसवीत. मग मुळे वाळवून त्यांचे चूर्ण करायचे. घरात बाळंतीण असली की त्याचा क्षीरपाक होई. शार्ङ्गधराचे प्रमाण असे: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि पाणी आटून नुसते दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचे. आता विचार करा, बत्तीस भाग पाणी आटेपर्यंत चुलीपाशी कुणीतरी बसलेच पाहिजे! ते बसणारे माणूस घरात होते. आजी, काकू, मोठी जाऊ, कुणीतरी. बाळंतिणीने त्या दिवसांत चुलीकडे फिरकायचे नाही, असा दंडकच असे. सव्वा महिना तिने खायचे, निजायचे आणि मुलाला पाजायचे.

नव्या शास्त्राने काय पाहिले?

शतावरीच्या मुळांत 'शतावरिन' या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये सापडली आहेत. १९६९ साली गायतोंडे आणि जेठमलानी यांनी असे दाखवले की, या मुळांतल्या एका द्रव्याने, ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशयाला येणारे आकुंचन रोखले जाते. गर्भिणीला शतावरी देण्याच्या जुन्या प्रथेशी हे जुळते खरे. पण प्रयोगशाळेतल्या स्नायूच्या तुकड्यावर दिसलेली गोष्ट आणि पोटुशी सून यांत पुष्कळ अंतर आहे. म्हणून गरोदरपणी वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये हेच बरे.

दुधाबद्दल दोन प्रयोग मला फार बोलके वाटले. पहिला १९९६ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स' या मासिकात प्रसिद्ध झाला. दूध पुरत नाही अशी तक्रार असलेल्या मातांचे दोन गट केले. एका गटाला शतावरी असलेले औषध दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले. दोन्ही गटांत काही फरक पडला नाही. दुसरा प्रयोग २०११ सालचा, साठ मातांवरचा. त्यात शतावरी घेणाऱ्यांच्या रक्तातले प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करण्याचा हुकूम देणारे संप्रेरक, सुमारे एक तृतीयांशाने वाढले. दुसऱ्या गटात ते दहाव्या हिश्श्याइतकेच वाढले. बाळांची वजनेही अधिक वाढली.

एक म्हणतो नाही, दुसरा म्हणतो होय. दोन्ही प्रयोग लहान आहेत. तेव्हा "शतावरी म्हणजे थोतांड" असे म्हणणाऱ्यानेही जरा थांबावे, आणि "शतावरी घेतली की दूध आलेच" असे म्हणणाऱ्यानेही थांबावे. काही स्त्रियांना तिची मदत होत असेल. पण सगळी भिस्त तिच्यावर टाकावी एवढा पुरावा नाही.

दूध येते कशाने?

मग दूध येते तरी कशाने? याचे उत्तर मात्र स्वच्छ आहे. मूल ओढते म्हणून दूध येते. बाळाने स्तनाग्र आणि त्याभोवतीचा काळसर भाग नीट तोंडात धरून ओढले की आईच्या मेंदूकडे निरोप जातो. एक संप्रेरक दूध तयार करते, दुसरे ते बाहेर सोडते. जेवढे रिकामे होईल तेवढे पुन्हा भरते. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात, असे आपल्याकडे म्हणतात ना, तसेच हे. रात्रीच्या पाजण्याला तर विशेष महत्त्व, कारण प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर चीक. तो चमचा-दोन चमचेच असतो, आणि नवजात मुलाचे पोटही तेवढेच असते. जन्मल्यावर तासाभरात पाजायला घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दूध भरून येते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर कधी थोडे उशिरा. पण आपल्याकडे पहिल्याच दिवशी खाटेभोवती जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहून हळूच म्हणतात, "दूध नाही वाटते हिला!" ते 'हळूच' बाळंतिणीला बरोबर ऐकू जाते.

माझ्या भाचीचेच सांगते. तिचे पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. मुलगी दोन किलो नऊशे ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी पोर रडत होती, आई रडत होती, आणि इस्पितळातल्या कुणीतरी विचारपूस न करता दुधाच्या पावडरीची बाटली हातात ठेवली होती. चौथ्या दिवशी मुलीचे वजन दोनशे ग्रॅमने उतरले आणि घरात आकांत झाला. उशाशी शतावरीचे तीन डबे होते. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक असे तीन पेले दूध तिला पाजीत होते. आणि झोप? चोवीस तासांत जेमतेम तीन तास. कारण बाळ पाहायला येणाऱ्यांची रीघ! प्रत्येकीला उठून नमस्कार करायचा, बाळ दाखवायचे आणि "पेढे घ्या ना" म्हणायचे.

मी गेले तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, मी एवढे सगळे घेते आहे तरी दूध येत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे का गं?"

हा प्रश्न ऐकला आणि मला त्या तीन डब्यांचा पहिल्यांदा राग आला. औषध घेऊनही गुण आला नाही, म्हणजे दोष हिचाच, असा हिशेब त्या पोरीने मनाशी मांडला होता. वास्तविक पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच. ते दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आले म्हणजे झाले. हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या एका बाई आल्या. त्यांनी डब्यांकडे पाहिलेसुद्धा नाही, बाळाकडे पाहिले. पोर नुसते टोक तोंडात धरीत होती. बाईंनी भाचीच्या पाठीशी उशा लावल्या, बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवले, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायला सांगितले आणि मग जवळ घेतले. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचे, असे बजावले. किती लंगोट ओले होतात ते मोजा म्हणाल्या. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा अधिक झाले तर दूध पुरते आहे असे समजा. जाताना तिच्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, आता औषध तुमच्याकडे आहे. पाहुणे थांबवा."

सासूबाई मोठ्या समजूतदार. त्यांनी दारावरच खुर्ची टाकली! येणाऱ्याला बाहेरच चहा देऊन वाटेला लावू लागल्या. जावयाने रात्रीचे लंगोट बदलण्याचे काम अंगावर घेतले. आईने स्वयंपाक सांभाळला. बाटली डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली. तेराव्या दिवशी मुलगी जन्माच्या वजनावर आली. मग अर्थातच कुणी म्हणाले, "पाहिलेत, शतावरी!" कुणी म्हणाले, "छे, अळिवाचे लाडू!" मी काही बोलले नाही. एक मात्र पाहिले होते. संध्याकाळचा शतावरीच्या दुधाचा पेला हाती आला की भाची दहा मिनिटे टेकून, डोळे मिटून, घोट घोट घेत असे. आणि ती दहा मिनिटे तिला कुणी हाक मारीत नसे.

डबा घेताना

तरीही डबा घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. फक्त वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. कल्प म्हणून जे रवाळ मिश्रण मिळते त्यात बहुतांश साखर असते, शतावरी त्या मानाने थोडी, वेलची-केशर नावापुरते. गरोदरपणी जिला मधुमेह झाला होता तिने दिवसातून तीनदा हा कल्प घेणे म्हणजे औषधाच्या नावाने साखर खाणे. अशा वेळी साखर नसलेले चूर्ण घ्यावे की काय, हे वैद्यांना विचारावे. ज्यांना ॲस्परॅगसच्या भाजीची ॲलर्जी आहे त्यांनी शतावरीही टाळावी. दुसरी औषधे चालू असतील तर डॉक्टरांपासून शतावरी लपवू नये. "आयुर्वेदिकच तर आहे" हे वाक्य पुष्कळदा महागात पडते.

आणखी एक. मुळे खणली की वेल जाते. बुडखा आणि कोंब राखून खणले तर ती पुन्हा फुटते, पण घाईत ओरबाडणाऱ्याला ते भान कुठले? २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापले. मोठी मागणी असलेल्या ज्या वनस्पतींच्या लागवडीला त्याने उत्तेजन दिले त्यांत शतावरी आहे. लागवडीतल्या शतावरीची मुळे भरायलाही दीड-दोन वर्षे जातात. तेव्हा डब्यातला चमचा भरताना एवढे ध्यानात असावे की, त्यामागे बराच काळ मातीत गेलेला आहे.

जिथे शतावरी पुरत नाही

बायकांच्या प्रत्येक तक्रारीवर शतावरी सांगण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. पाळी अनियमित? शतावरी. अंगावरून जाते? शतावरी. पाळी जाण्याचे वय आले, अंगातून वाफा निघतात? पुन्हा शतावरी. इथे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते एक थेंब असले तरी तपासणी झालीच पाहिजे. फार दिवस, फार प्रमाणात रक्त जात असेल तर चूर्णाच्या पुड्यांत महिने घालवू नयेत. लाजेपोटी आणि घरगुती उपायांपोटी ज्यांनी वेळ घालवला अशा बायका मी पाहिल्या आहेत; त्यांतली एक आज नाही.

बाळंतिणीचेही तसेच. बाळ मलूल झाले, ओढीनासे झाले, लंगोट कोरडे राहू लागले, अंग फार पिवळे दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर. आईला ताप आला, छाती एका जागी लाल होऊन ठणकू लागली, रक्तस्राव वाढला तरीही तेच. थायरॉइडचा विकार, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे यांनीही दूध कमी येते. ती कारणे शोधावी लागतात. आणि सगळे करूनही काही आयांना दूध पुरत नाही. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे आणि कुणीही त्या आईला एक शब्द बोलू नये. मूल वाढणे महत्त्वाचे. तिची उमेद आठवडा-दोन आठवडे खचलेलीच राहिली, ती उगाच रडू लागली, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही म्हणाली, तर त्याला 'नखरे' म्हणू नका. तोही आजारच आहे आणि त्यावर उपाय आहेत.

डब्याबरोबर काय द्यावे?

आपल्या आज्यांनी बाळंतिणीला शतावरी दिली ती एकटी नव्हे. तिच्याबरोबर सव्वा महिन्याची विश्रांती दिली, ऊन पाण्याची आंघोळ दिली, आयते ताट दिले, चुलीपाशी बसणारे माणूस दिले. त्यांच्या सगळ्याच रीती चांगल्या होत्या असे नाही. चीक पिळून टाकणे, कोंदट खोलीत कोंडणे, पाणी पिऊ न देणे हे गेले ते उत्तम झाले. पण काळाच्या ओघात बाकीचे सगळे सुटले आणि मुळांचा तेवढा डबा हातात राहिला. दोन खोल्यांच्या घरात, नोकरीवर परत जाण्याचे दिवस मोजणाऱ्या मुलीला आपण तो डबा देतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. डबा देणे सोपे आहे. वेळ देणे कठीण.

यंदा दिवाळीत तुमच्या नात्यात कुणी बाळंतीण असेल तर शतावरी अवश्य न्या. पण जाण्याआधी फोन करून विचारा, "केव्हा येऊ म्हणजे तुझी झोप मोडणार नाही?" गेल्यावर बाळ मागू नका, ओट्यावरची भांडी मागा. तासभर बाळाला सांभाळून तिला निजू द्या. फराळाचे ताट तिच्यापुढे न्या, तिला ते मांडायला लावू नका. "दूध येते का?" हा प्रश्न तर विचारूच नका, "तू जेवलीस का?" असे विचारा. आणि मग स्वतःच्या हाताने पेलाभर दूध ऊन करा, त्यात दोन चमचे शतावरी घाला आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्याजवळ नुसत्या बसा.